लहान दुकान व दोन मोठे गुण

प्रतिवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे नवीन विद्यार्थ्यांकडून प्रवेशपत्रकें भरून घ्यावीं लागतात. त्यांत 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. ज्यांचे वडील नोकरींत आहेत तीं मुलें तो रकाना ठळक अक्षरांत भरतात. पण ज्याच्या घरचें दुकान आहे असा मुलगा पुष्कळदां क्षणभर घुटमळतो, आणि मग बारीक अक्षरांत 'किरकोळ दुकान' एवढेंच लिहून पत्रक पुढें करतो. मराठींत 'किरकोळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घाऊक नव्हे तें किरकोळ, हा बाजारांतला अर्थ. आणि ज्याला महत्त्व नाहीं तें किरकोळ, हा बोलण्यांतला अर्थ. मुलाच्या मनांत हे दोन्ही अर्थ एकत्र मिसळलेले असतात, हें त्याच्या खालीं गेलेल्या मानेवरून दिसून येतें. यांपैकीं पहिला अर्थ खरा आहे आणि दुसरा खोटा आहे, हें दाखवावें असा या लेखाचा हेतु आहे.

दोन वर्षांपूर्वीं अशाच एका नववींतल्या मुलाचे वडील मजकडे आले. चेहरा उतरलेला होता. "सर, पोराचा दाखला काढून द्या," ते म्हणाले. "आतां त्यानें दुकानांत बसलेलें बरें. पगारी माणूस ठेवणें परवडत नाहीं." अधिक विचारतां कळलें तें असें कीं, हमरस्त्यावर एक मोठें, दिव्यांनीं झगमगणारें दुकान उघडलें होतें, आणि तेव्हांपासून यांचा रोजचा गल्ला एकतृतीयांशानें उतरला होता. दाखला मागण्याचा अधिकार त्यांचा होता. तो मीं नाकारला नाहीं. मात्र एक विनंति केली: "दाखला पुढच्या आठवड्यांत न्या, तोंवर मला एकदां आपल्या दुकानाच्या वह्या पाहूं द्या." त्या वह्यांत काय आढळलें तें शेवटीं सांगेन. त्याआधीं लहान दुकान जगतें कशावर, हें समजून घेतलें पाहिजे.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, स्वस्त घ्यावें आणि महाग विकावें म्हणजे दुकान चाललें. हें अर्धें सत्य झालें. घातलेला पैसा वर्षांत किती वेळां फिरून गल्ल्यांत येतो यावर मिळकत अवलंबून असते, हें दुसरें अर्धें. उदाहरणार्थ, अ आणि ब या दोन दुकानदारांनीं प्रत्येकीं ५०,००० रुपयांचा माल भरला असें समजूं. अ यानें शेंकडा १० नफा धरला, आणि त्याचा माल वर्षांत तीन वेळां खपला. प्रत्येक खेपेस ५,००० याप्रमाणें त्याला वर्षाचे १५,००० रुपये मिळाले. ब यानें शेंकडा ४ च नफा धरला. पण त्याचा माल दरमहा खपून वर्षांत बारा वेळां फिरला. प्रत्येक खेपेस २,००० याप्रमाणें त्याच्या पदरीं वर्षाचे २४,००० रुपये पडले. भांडवल दोघांचें सारखेंच. नफ्याचा दर ब याचा कमी. तरीही मिळकत त्याचीच जास्त! दोघांनाही यांतूनच जागेचें भाडें, वीज आणि नासधूस भागवावयाची असते, हें वेगळें सांगावयास नको.

यावरून असें दिसतें कीं, फळीवर धूळ खात पडलेली वस्तु म्हणजे अडकलेला पैसा होय. म्हणून हुशार दुकानदार पंचांग पाहून माल भरतो. मृग लागण्यापूर्वीं छत्र्या आणि ताडपत्री, शाळा उघडतांना वह्या आणि पेन्सिली, श्रावणांत साबुदाणा, वरई आणि राजगिरा, दिवाळीपूर्वीं रवा, बेसन आणि पोहे, आणि आमच्या ख्रिस्ती वस्तींत डिसेंबर उजाडला कीं मैदा, मनुका आणि कागदी तारे, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. श्रावण संपल्यावर उरलेला राजगिरा पुढच्या श्रावणापर्यंत पैसे अडवून बसतो, हें तो जाणून असतो.

आतां उधारीकडे वळूं. लहान दुकानाचा सर्वांत मोठा मित्र आणि सर्वांत मोठा वैरी एकच, तो म्हणजे उधारी. महिन्याच्या वीस तारखेनंतर ज्या घरांत रोख पैसा उरत नाहीं, त्या घरच्या चुलीला हें दुकान आधार देतें. मोठ्या दुकानांत चेहऱ्याच्या ओळखीवर पावशेर साखर मिळत नाहीं. म्हणूनच गिऱ्हाईक याच्याशीं जडून राहतें. परंतु हिशेब पाहा. शंभर रुपयांच्या विक्रींत पांच रुपये नफा धरला, आणि एका गिऱ्हाइकानें शंभर रुपये बुडविले, तर दुकानदाराचे मालाचे ९५ रुपये गेले. ते भरून काढावयास प्रत्येकीं पांच रुपये नफ्याच्या एकोणीस विक्र्या, म्हणजे १,९०० रुपयांचा माल, रोख विकावा लागतो. एक बुडवी उधारी एकोणीस प्रामाणिक गिऱ्हाइकांची कमाई खाऊन टाकते. उधारी देऊंच नये असें मी म्हणत नाहीं. ती माणूस पाहून द्यावी, तिला मर्यादा घालावी, आणि दिलेल्या दिवशींच वहींत लिहावी. स्मरणशक्तीवर ठेवलेली उधारी निम्मी बुडते आणि उरलेल्या निम्मीवरून भांडणें होतात.

उधारीचा हा धडा परदेशांतील एका लहान दुकानानें जगाला शिकविला आहे. इंग्लंडांत त्या काळच्या लँकेशायर परगण्यांत रॉचडेल नांवाचें विणकरांचें गांव होतें. तेथील कामकरी लोकांनीं १८३३ सालीं एक सामायिक दुकान काढलें होतें. उधारीमुळें तें दोन वर्षांत बुडालें. माणसें तीं असतीं आणि धडा शिकलीं नसतीं, तर गोष्ट येथेंच संपली असती. परंतु १८४४ सालीं सुमारें अठ्ठावीस जणांनीं, त्यांत कित्येक विणकर होते, थोडथोडे पैसे साठवून अठ्ठावीस पौंडांचें भांडवल जमविलें, आणि २१ डिसेंबर १८४४ रोजीं टोड लेन नांवाच्या गल्लींत पुन्हां दुकान उघडलें. फळ्यांवर काय होतें? पीठ, ओटचें पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या, एवढेंच! लोकांनीं त्यांची थट्टा केली. आरंभीं दुकान आठवड्यांतून थोडेच तास आणि तेंही संध्याकाळीं उघडें असे. पण या खेपेस त्यांनीं नियम बदलले होते: माल शुद्ध द्यावयाचा, माप पुरें द्यावयाचें, विक्री रोखीनेंच करावयाची, आणि होणारा नफा ज्यानें जितकी खरेदी केली त्या प्रमाणांत गिऱ्हाइकांनाच परत वांटावयाचा. पुढें जगभर पसरलेल्या सहकारी चळवळीचें मूळ या दुकानांत शोधतात. आपल्या गांवच्या सहकारी सोसायटीचें नातें त्या गल्लीपर्यंत पोहोंचतें. त्यांनीं दुकान काढण्याचा निश्चय सोडला नाहीं. दुकान चालविण्याची बुडालेली रीत मात्र सोडली. चिकाटी आणि लवचीकपणा हे दोन गुण एकत्र कसे नांदतात, याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचितच सांपडेल.

आपल्या भागांतील उदाहरण हवें असेल तर बेळगांवास चला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, पण रंग ओळखण्यांत दृष्टिदोष असल्याचें आढळून आलें आणि तो मार्ग बंद झाला. त्यांनीं हाय खाल्ली नाहीं. रंग सोडले, परंतु रेखन धरून ठेवलें; यांत्रिक रेखन शिकून ते मुंबईंतच शिक्षक झाले. त्या सुमारास सायकल ही नवलाची वस्तु होती. १८८८ सालीं किर्लोस्कर बंधूंचें सायकलींचें लहानसें दुकान बेळगांवांत सुरू झालें. पुढें नोकरींतील बढती आपल्याला डावलून दुसऱ्यास दिली गेली असें पाहून लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगांवीं आले. सायकली विकावयाच्या, दुरुस्त करावयाच्या, असें काम चाले. पण लवकरच त्या धंद्यांत इतर लोक शिरले. आपलें गिऱ्हाईक म्हणजे भोंवतालचा शेतकरी, आणि त्याला सायकलीपेक्षां निराळ्याच वस्तूची गरज आहे, हें त्यांनीं ओळखलें. कडबा कापण्याचें यंत्र त्यांनीं तयार केलें, आणि मग लोखंडी नांगर केला.

त्या नांगराची कथा प्रत्येक दुकानदारानें मनांत ठेवावी अशी आहे. लांकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर ती खोल उलथून टाकतो. तरीही तो कोणी घेईना! लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची दृढ समजूत होती. पहिला नांगर खपावयास सुमारें दोन वर्षे लागलीं. दोन वर्षे दारांत न खपणारा माल घेऊन बसणें काय असतें, हें ज्यानें दुकान चालविलें आहे त्यालाच कळेल. त्यानंतर कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेसाठीं सोडावी लागली, तेव्हां सर्वच उद्योग मोडण्याची वेळ आली. अशा वेळीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कर्ज आणि जागा देऊं केली. कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगानें भरलेल्या ओसाड माळावर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसूं लागली. ज्या दुकानांतून हा उद्योग निघाला तेथें सायकली होत्या, हें आज सांगूनही खरें वाटत नाहीं. लक्ष्मणरावांनीं वस्तु बदलल्या, गांव बदलला, गिऱ्हाईक बदललें. यंत्रावरचा आणि स्वतःच्या हातांवरचा विश्वास मात्र कधींही बदलला नाहीं.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. चिकाटी आणि हट्ट हे सख्खे भाऊ दिसतात, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. दुकान रिकामें पडत असतांही 'आमच्या आजोबांनीं याच मालावर घर बांधलें' असें म्हणून तोच माल भरीत राहणें हा हट्ट होय. गिऱ्हाईक कां येत नाहीं हें विचारून, माल बदलून, पुन्हां उद्यां सकाळीं सात वाजतां फळी उघडणें ही चिकाटी होय. त्याचप्रमाणें लवचीकपणा आणि चंचलपणा यांतही अंतर आहे. या महिन्यांत किराणा, पुढच्या महिन्यांत कापड आणि तिसऱ्या महिन्यांत चहाची टपरी, असें जो करतो तो काळाबरोबर बदलत नसून काळापुढें पळत असतो. वेत वाऱ्यानें वांकतो तेव्हां त्याचें मूळ जागेवरच असतें. पाचोळा मात्र वाऱ्याबरोबर उडून जातो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढींतील साध्या दुकानदारांनीं केवढा बदल पचविला, याची मुलांना कल्पना नसते. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशांत दशमान नाणीं सुरू झालीं. त्याआधीं रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असत, म्हणजे एका रुपयाचे ६४ पैसे होत. आतां रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे बरोबर २५ नवे पैसे होतात, येथवर ठीक. पण एका आण्याचे होतात सव्वासहा, आणि सव्वाचें नाणें कोठें आहे? म्हणून एका आण्यास ६, दोन आण्यांस १२ आणि तीन आण्यांस १९ नवे पैसे असा हिशेब ठरला. आतां पाहा: आण्याआण्याच्या तीन पुड्या वेगवेगळ्या घेतल्या तर १८ नवे पैसे, आणि एकदम तीन आण्यांचा माल घेतला तर १९! या एका नव्या पैशावरून दुकानाच्या पायरीवर केवढे वाद झाले असतील, याची कल्पनाच करावी. तो वाद मिटतो न मिटतो तोंच १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें दशमान वजनें आलीं. छटाक, पावशेर, अच्छेर, शेर आणि मण यांवर ज्याचा हात बसला होता, त्याला ग्रॅम आणि किलोग्रॅम शिकावे लागले. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारें ९३३ ग्रॅम भरतो. म्हणजे किलो शेराहून थोडा मोठा. शेराचा भाव किलोला लावला तर दुकानदार बुडतो, आणि किलोचा भाव शेराला लावला तर गिऱ्हाईक फसतें. चौथी इयत्ता शिकलेल्या माणसांनीं हें त्रैराशिक तराजूच्या दांडीपाशीं उभें राहून रोज शेंकडों वेळां सोडविलें. तीं दुकानें 'किरकोळ' होतीं काय?

आपल्या पिढीनेंही असे प्रसंग पाहिले आहेत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं रात्रीं ५०० आणि १,००० रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्याचें जाहीर झालें, आणि दुसऱ्या दिवशीं सुट्या पैशांवांचून बाजार अडून बसला. ज्यांच्या वहींत ओळखीचीं गिऱ्हाइकें होतीं, त्यांनीं त्या दिवसांत विश्वासावर व्यवहार चालविला. त्याच वर्षीं मोबाईलवरून पैसे देण्याची यूपीआय ही पद्धति सुरू झाली होती. आज कोथिंबिरीची जुडी विकणाऱ्या बाईच्या टोपलीवरही तिचा चौकोनी संकेत चिकटविलेला दिसतो. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि हिशेबाची रीत बदलली. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें सारा देश घरांत बसला, तेव्हां धान्य, तेल, मीठ पुरविणारीं गल्लींतलीं दुकानें उघडीं राहिलीं. फोनवरून यादी घ्यावयाची, पुडे बांधून दारांत ठेवावयाचे, पैसे मोबाईलवर घ्यावयाचे, ही रीत साठी ओलांडलेल्या दुकानदारांनींही थोड्या दिवसांत उचलली. एरव्हीं ज्यांना दुकानांत नवी फळी ठोकावयास दहा वर्षे लागत, त्यांनीं गरजेपुढें मान लवविली आणि वाट काढली.

मग बदलूं नये असें दुकानांत कांहींच नाहीं काय? आहे. खरें माप, खरा शब्द आणि खरी वही, या तीन गोष्टी बदलत नाहींत. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, अशी शिकवण नीतिसूत्रांत आहे. ती आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलानें ऐकलेली आहे. वजनाचें माप शेराचें असो वा किलोचें, दांडी सरळ राहिली पाहिजे. प्रेषित पौलाचा व्यवसाय तंबू करण्याचा होता; करिंथ शहरांत अक्विला आणि प्रिस्किल्ला या समव्यवसायी दांपत्याच्या घरीं राहून तो हाताचें काम करीत असे. फिलिप्पै येथें ज्या बाईनें त्याचा उपदेश प्रथम ऐकला ती लुदिया जांभळीं वस्त्रें विकणारी होती. सुवार्तेची वाट पुष्कळदां लहान दुकानांच्या पायऱ्यांवरून गेलेली आहे. तेव्हां दुकानाची लाज वाटण्याचें कारण ख्रिस्ती घरांत तरी नसावें.

आतां त्या पालकांच्या वह्यांविषयीं सांगतों. तीन संध्याकाळ आम्हीं तिघे, ते, मी आणि तो मुलगा, दिव्याखालीं बसलों. पहिली गोष्ट दिसली ती अशी कीं, घरखर्च आणि दुकानखर्च एकाच गल्ल्यांतून चालला होता. घरीं नेलेलें तेल, पाहुण्यांसाठीं नेलेली साखर, यांची नोंदच नव्हती. त्यामुळें तोटा किती आणि घरीं खाल्लें किती, हें त्यांचें त्यांनाच ठाऊक नव्हतें. दुसरी गोष्ट अशी कीं, जुनी उधारी इतकी सांचली होती कीं तिच्यांत दोन महिन्यांचा माल आला असता. तिसरी गोष्ट मुलानेंच काढली. त्यानें मालाची यादी करून दाखविलें कीं, फळ्यांवरच्या मालापैकीं जवळजवळ चौथा हिस्सा सहा महिन्यांत हललेलाच नव्हता. आणि त्यांत बहुतेक त्याच वस्तु होत्या ज्या मोठ्या दुकानांत अधिक स्वस्त मिळत होत्या. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईक त्यांनीं नेलें खरें, पण पैसा मीच अडकवून ठेवला होता."

त्यांनीं दाखला नेला नाहीं. घरासाठीं दरमहा ठराविक रक्कम घेण्याचा नियम केला. उधारीची यादी घेऊन ते दारोदार गेले. सारी नाहीं, पण निम्म्याहून अधिक वसूल झाली. पडून राहिलेला माल पडेल त्या भावांत काढला, आणि त्या जागीं मोठें दुकान ठेवीत नाहीं अशा वस्तु आणल्या: आसपासच्या बायकांनीं घरीं केलेलें लोणचें, मेतकूट, भाजणी, ताज्या दळणाचें पीठ. सकाळीं सहाला फळी उघडूं लागले, कारण मोठें दुकान दहाला उघडतें. पहिले चार महिने कांहींच फरक दिसला नाहीं. त्या दिवसांत ते दोनदां मजकडे येऊन म्हणाले, "सर, जमत नाहीं." मजपाशीं दुसरा उपाय नव्हता, मी एवढेंच म्हणालों कीं, वही काय सांगते तें पाहा. पांचव्या महिन्यांत वही वर सरकूं लागली. दुकान आजही लहानच आहे आणि मोठें दुकानही जागेवर आहे. पण मुलगा यंदा शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि ज्या दुकानापायीं त्याची शाळा सुटणार होती त्याच दुकानानें त्याच्या पुढच्या शिक्षणाचा खर्च उचलला आहे.

सर्वच दुकानांची कथा अशी गोड होत नाहीं, हें सांगणें माझें कर्तव्य आहे. प्रामाणिकपणें, योग्य बदल करूनही कित्येक दुकानें बंद पडतात. वही वर्षभर सतत खालींच जात असेल, आणि कर्ज काढून कर्ज फेडावें लागत असेल, तर दुकान वेळेवर बंद करणें हेंही शहाणपणच होय. त्यांत अपमान नाहीं. रॉचडेलच्या लोकांनीं पहिलें दुकान बंद केलें, म्हणूनच त्यांना दुसरें उघडतां आलें.

विद्यार्थिमित्रहो, ज्यांच्या घरीं दुकान आहे त्यांनीं रोज अर्धा तास वडिलांच्या शेजारीं बसावें आणि वही लिहावी. शेंकडेवारी, त्रैराशिक आणि नफा-तोटा हीं तेथें जिवंत भेटतात. आणि पालकहो, आपल्या मुलाला दुकानांत बसवावें, पण शाळेच्या किंमतीवर नव्हे. शिकलेला हात तराजूला अधिक सरळ धरतो. पुढच्या जूनमध्यें प्रवेशपत्रकांतला तो रकाना भरतांना मुलांनीं 'किरकोळ' हा शब्द गाळावा आणि नुसतें 'दुकान' असें मोठ्या अक्षरांत लिहावें, एवढीच माझी इच्छा आहे.